एका यंत्रासाठी पाच गल्ल्या

मुंबईला जायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठरलेले बाजार उभे राहतात. दादरची साड्यांची दुकानं, मंगळदास मार्केटातले कापडाचे तागे, भुलेश्वरच्या गल्लीतल्या मण्यांच्या माळा, क्रॉफर्ड मार्केटातला सुकामेवा. पण या बाजारांना अगदी खेटून आणखी एक मुंबई आहे. तिथे पट्टे, बेअरिंग, वायरी, दिवे आणि नाना तऱ्हेचे स्क्रू विकले जातात. गिऱ्हाईक म्हणून तिथे बायका फारशा दिसत नाहीत. नाशिकहून सकाळच्या पंचवटीने निघून, संध्याकाळच्या पंचवटीने परत येईपर्यंत, वन्सं आणि मी अशा पाच गल्ल्या पालथ्या घातल्या. त्याही एका जुन्या यंत्रासाठी!

यंत्र म्हणजे घरगुती सिनेमाचा प्रोजेक्टर. सासरे व्यापारी जहाजावर इंजिनियर होते. तिकडून आणलेला हा जपानी प्रोजेक्टर त्यांच्यामागे वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होता. सोबत बिस्किटांच्या डब्यात अकरा रिळं. डब्यांवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठ्या: ‘गंगेचा पूर, १९६९’, ‘बेबीचं बारसं’, ‘वाडा, दिवाळी’. बेबी म्हणजे आमच्या वन्सं. त्यांनी स्वतःचं बारसं कधी पाहिलेलंच नव्हतं.

घाई होती ती वेगळ्याच कारणाने. सासूबाई आता शहाऐंशीच्या. त्या रिळांतली माणसं ओळखणारं घरात दुसरं कुणी उरलेलं नाही.

आधी यंत्र, मग फिल्म

तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फोटोची निगेटिव्ह असते. प्रत हरवली तरी दुसरी काढता येते. घरगुती सिनेमाची फिल्म मात्र बहुतेक वेळा ‘रिव्हर्सल’ जातीची असे. म्हणजे कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली, तीच धुऊन परत येई आणि तीच पडद्यावर दिसे. दुसरी प्रत नाही, निगेटिव्ह नाही. प्रोजेक्टरने ती फाडली की प्रसंगच गेला. म्हणून ‘चालतंय का बघू’ म्हणत जुन्या यंत्रात जुनी फिल्म घालायची नाही.

कोडॅक कंपनीने १९२३ साली १६ मिलिमीटरची फिल्म काढली, तेव्हापासून हौशी लोकांच्या हाती सिनेमा आला. १९३२ साली त्याहून स्वस्त ८ मिलिमीटरची आली आणि १९६५ साली ‘सुपर एट’. दोन्हींची रुंदी तीच. पण सुपर एटची भोकं बारीक आणि चित्र मोठं, आणि रिळाच्या मधलं भोकही मोठं असतं. एकीचा प्रोजेक्टर दुसरीला चालतोच असं नाही. आमच्या यंत्राला दोन्हींसाठी खटका होता, हे नशीब. चित्राची एक चौकट जेमतेम साबुदाण्याएवढी. सुपर एटच्या पन्नास फुटी रिळात अशा ३६०० चौकटी बसतात आणि सेकंदाला अठरा या वेगाने ते रीळ ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं. म्हणजे बारशाचा सगळा सोहळा दूध उतू जायला लागतं तेवढ्या वेळात!

चोरबाजार

दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून टॅक्सीने दोन टाकी. मटण स्ट्रीटच्या तोंडाशी उतरलो तेव्हा अकरा वाजत होते आणि दुकानं नुकती उघडत होती. (जायचं तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी बहुतेक पक्की दुकानं बंद असतात.) या बाजाराचं मूळ नाव ‘शोरबाजार’, साहेबाच्या तोंडी त्याचं ‘चोरबाजार’ झालं, असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे! एका दुकानात जहाजावरचे पितळी दिवे, दुसऱ्यात लोलकाची घड्याळं, तिसऱ्यात कर्णे लावलेले ग्रामोफोन, चौथ्यात जुन्या हिंदी सिनेमांची पोस्टरं. शेजारी भेंडीबाजारात पुनर्विकासाचे उंच मनोरे उभे राहिले आहेत, पण या गल्लीत अजून हातगाडी आली की माणसं भिंतीला चिकटून वाट देतात.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराचा पत्ता मिळाला होता. हातभर रुंदीची जागा. चाचांनी यंत्र मांडीवर घेतलं, पण बटण दाबलं नाही. आधी मागची पट्टी पाहिली. ‘बहनजी, इसका खटका एकसौ दस पे है. घर पे लगाया था क्या?’ आम्ही नाही म्हटलं. ‘अच्छा किया.’ आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. खटका ११०वर ठेवून चालू केलं असतं तर मोटार आणि दिवा दोन्ही जळाले असते.

मग त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत काळ्या डांबरासारखं काहीतरी चाकांना चिकटलं होतं. वन्संना वाटलं, तेल सांडलं. तो रबरी पट्टा होता! जुनं रबर वर्षांनी वितळून चिकट होतं, नाहीतर वाळून तुटतं. वंगणाचं मेण झालं होतं. वायरीचं आवरण बोट लावताच तडकत होतं. चाचांनी हाताने मुख्य दांडा हळूच फिरवला, कान लावला आणि म्हणाले, ‘पट्टा पिघल गया, ग्रीस पत्थर हो गया. बाकी माल ठीक है. गिअर टूटा नहीं.’

या यंत्रांत प्लास्टिकचे दाते असलेली चाकं असतात. ती तडकली तर नवी सहसा मिळत नाहीत. तसंच दुसरं मोडकं यंत्र शोधून त्यातलं काढावं लागतं. म्हणून जाम झालेलं यंत्र जोर लावून फिरवायचं नाही.

प्रोजेक्टर कसा चालतो, ते चाचांनी दाखवलं आणि वन्सं एकदम म्हणाल्या, ‘वहिनी, हे तर शिवणयंत्र!’ अगदी खरं. शिवणयंत्रात सुई वर गेली की खालचे दात कापड पुढे सरकवतात. सुई खाली असते तेव्हा कापड जागच्या जागी. इथे सुईऐवजी प्रकाश. फिरती पडदी प्रकाश अडवते, तेवढ्यात नखासारखा बारीक आकडा भोकात शिरून फिल्म एक चौकट खाली ओढतो. पडदी उघडते तेव्हा चित्र स्तब्ध असतं. सेकंदाला अठरा वेळा हे होतं, म्हणून आपल्याला चित्र हलताना दिसतं. कापडाला जसा दाबपाय, तशी फिल्मला दाबपट्टी. आणि दोरा ताणला तर जसा तुटतो, तशी फिल्मही. म्हणून चौकटीच्या वर आणि खाली फिल्मचा थोडा सैल वळसा ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर आकडा भोकं फाडत जातो.

चाचांनी यादी सांगितली, वन्संनी पिशवीतल्या वहीत लिहिली. यंत्र त्यांच्याकडे ठेवून आम्ही सामानाला निघालो.

लॅमिंग्टन रोड

आताचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला जुनंच कळतं. हा एके काळचा सिनेमाचा रस्ता. नाझ सिनेमाच्या आवारात वितरकांची कार्यालयं होती. इथल्याच मिनर्व्हात १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं चालला. आता मिनर्व्हा नाही. रस्ता रेडिओच्या सुट्या भागांचा आणि कॉम्प्युटरचा झाला आहे.

इथे घ्यायचा होता कपॅसिटर, नखाएवढा. जुन्या यंत्रांतले कपॅसिटर हवेतला ओलावा शोषतात आणि वीज लावल्यावर फुटतात. धूर तर इतका उग्र होतो की शेजारी धावून येतील. जुना काढलेला तुकडाच बरोबर न्यावा. नव्यावर मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा तेवढाच किंवा जास्त हवा. काउंटरवरच्या मुलाने ‘किसके लिए?’ विचारलं. प्रोजेक्टर म्हटल्यावर त्याने आधी हॉटेलातल्या मोठ्या पडद्याचा समजून भलतंच काढलं. मग जुना तुकडा हातात घेतला आणि आतून दुसऱ्या मिनिटाला नवा आणला. हे काम मात्र आपण करायचं नाही. विजेचा भाग जाणत्या माणसाकडूनच बदलून घ्यावा.

गिरगावातून प्रिन्सेस स्ट्रीटला

पुढची टॅक्सी गिरगावातून गेली. याच गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हे आपण शाळेत शिकलो. सरस्वतीबाई फाळक्यांचं काम मात्र कुणी शिकवलं नाही. त्या काळी कोऱ्या फिल्मला भोकं पाडावी लागत. ती सरस्वतीबाईंनी अंधारात बसून पाडली. फिल्म धुवायला त्या शिकल्या, चित्रीकरणाच्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनीच रांधला आणि पैशासाठी आपले दागिनेही पुढे केले. ‘हे बायकांचं काम नाही’ असं प्रोजेक्टरविषयी कुणी म्हणालं, तर ही गोष्ट सांगावी. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पट्टीला लागलेल्या हातांत बांगड्या होत्या!

प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शामळदास गांधी मार्ग, हा औषधांचा आणि रसायनांचा बाजार. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली घेतली. वितळलेलं रबर आणि वाळलेलं वंगण त्याने सुटतं. ते भुरकन पेट घेतं, म्हणून गॅसजवळ काम करायचं नाही आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. पूर्ण वाळल्याशिवाय यंत्राला वीज लावायची नाही. आणि ते फक्त यंत्रासाठी, फिल्मला लावायचं नाही.

लोहार चाळ आणि नागदेवी

लोहार चाळीत दुपारी दोन वाजता शिरणं म्हणजे गणपतीच्या गर्दीत शिरण्यासारखंच. डोक्यावरून झुंबरं लटकतात, पायाखाली वायरीची भेंडोळी. इथे वायर आणि पिन घेतली. आमचा दिवा शाबूत होता, १२ व्होल्ट १०० वॉटचा हॅलोजन. तरी त्याचा आकडा लिहून नेला होता आणि तसाच एक जादा मिळाला. दिवा घेताना व्होल्ट, वॉट आणि बूड तिन्ही जुळायला हवं. उजेड जास्त पडावा म्हणून मोठ्या वॉटचा घेतलात तर फिल्म भाजेल. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून काच तडकते. स्वच्छ फडक्याने धरावा.

तिथून चालत नागदेवी स्ट्रीट. इथे रबर, बेअरिंग, नळ्या, हत्यारं. पट्टा कसा मोजायचा ते चाचांनी शिकवलं होतं आणि ते आपल्या रोजच्या सवयीचंच आहे. जुना पट्टा वितळलेला असेल तर दोरा घ्यायचा, पट्टा जिथून फिरतो त्या चाकांभोवती गुंडाळायचा, खूण करून टेपने मोजायचं. रबर ताणलं जायला हवं, म्हणून नवा पट्टा त्याहून किंचित लहान घ्यायचा. आमचा दोरा भरला ३० सेंटिमीटर, पट्टा घ्यायचा सुमारे २८ सेंटिमीटरचा. नागदेवीत असे गोल पट्टे ‘ओ-रिंग’ म्हणून मिळतात आणि ते व्यासाने मोजतात. २८ला ३.१४ने भागलं की ९च्या आसपास. फार घट्ट घेतला तर मोटारीवर ताण येतो, सैल घेतला तर रीळ गुंडाळत नाही आणि फिल्म जमिनीवर ढीग होऊन पडते.

दुकानदार गुजराती. ‘बेन, मिक्सर का है?’ म्हणाले. सिनेमाच्या मशीनचा म्हटल्यावर स्टुलावर चढून त्यांनी स्वतः तीन मापं काढून दिली. ‘तीनों ले जाओ. जो बैठेगा वो रखो, बाकी वापस भेजो.’ नाशिकहून परत कसं पाठवणार, म्हणून तिन्ही घेतली. सगळा माल मिळून साडेसहाशे रुपये झाले. एवढ्यात दादरला बऱ्यापैकी साडी येत नाही.

चार वाजता चोरबाजारात परतलो तोवर चाचांनी आतलं डांबर खरवडून काढलं होतं. कपॅसिटर, वायर, पट्टा बसवून, खटका २३० कडे वळवून त्यांनी दिवा न लावता नुसती मोटार चालवली. बारीक, एकसुरी घरघर सुरू झाली. दहा मिनिटं ते ऐकत राहिले. चहा आला, तो संपला, तरी कान यंत्राकडेच. मग आठशे रुपये मजुरी घेतली आणि म्हणाले, ‘पहले रद्दी फिलिम चलाना. दस दफा. फिर घर की.’ रद्दी फिल्मचं एक भेंडोळंही त्यांनीच पिशवीत टाकलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर

चाचांची अट आम्ही पाळली. रद्दी फिल्म दहा वेळा चालवली. तिसऱ्या वेळी खालचा वळसा सुटून फिल्म खडखडली, तेव्हा कळलं की हात बसायला वेळ लागतो. मग सासूबाईंच्या रिळांकडे वळलो. डबा उघडून आधी वास घेतला. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आतून कुजायला लागली असं समजावं. अशी फिल्म आकसते, भोकं आकड्याशी जुळत नाहीत, आणि तिच्या वाफेने शेजारची रिळंही बिघडतात. आमच्या अकरांपैकी दोन तशी निघाली. ती वेगळी ठेवली, प्रोजेक्टरला लावलीच नाहीत. त्यातलं एक बारशाचं. वन्सं काही बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण लावून त्यांनी तो आपल्या पिशवीत ठेवला. अशी आकसलेली फिल्मही चौकट-चौकट करून स्कॅन करता येते, तेव्हा आशा आहे.

रात्री जेवणं झाल्यावर पांढरी चादर ताणून बांधली आणि ‘वाडा, दिवाळी’ लावलं. अंगणात फुलबाज्या, परकर-पोलक्यातल्या मुली, सासरे स्वतः कुठेच नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. मग तुळशीपाशी एक नऊवारीतली बाई. ती पणती ठेवते, मान वर करते, कॅमेरा दिसताच पदर तोंडावर धरून हसते आणि निघून जाते. चार सेकंदं असतील. आम्ही कुणीच ओळखलं नाही.

‘आई,’ सासूबाई म्हणाल्या. आम्हाला वाटलं कुणाला हाक मारताहेत. ‘माझी आई. दिवाळीला आली होती. पुढच्या वर्षी गेली.’ जरा वेळाने म्हणाल्या, ‘परत लाव.’

प्रत्येक वेळी फिल्म फिरते तेव्हा ती झिजते, हे मला त्या दिवसापुरतं चांगलंच पाठ झालं होतं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही परत लावलं. त्यानंतर ते रीळ डब्यात गेलं आणि आठवड्याने सगळी रिळं स्कॅनिंगला गेली. सासूबाईंच्या आईचा फोटो घरात एकच आहे, ताठ बसलेला. ती हसायची कशी, हे पणतवंडांना आता माहीत झालं.

एवढं लक्षात ठेवा

• यंत्र माळ्यावरून काढल्यावर लगेच वीज लावू नका. आधी व्होल्टचा खटका, वायर आणि पट्टा तपासून घ्या.

• फिल्म जिथून सरकते ती चौकट दर रिळानंतर मऊ ब्रशने झाडा. साठलेला मळ दात कोरायच्या लाकडी काडीने काढा. सुई किंवा पिन वापरू नका, ओरखडा पडला की तो प्रत्येक रिळावर उमटतो.

• शिवणयंत्राचं तेल वर्षातून एकदा, बेअरिंगच्या जागी एकच थेंब. पट्ट्यावर, भिंगावर किंवा फिल्मच्या वाटेवर तेल नको. दात्यांच्या चाकांना तेल नाही, पातळसं ग्रीस.

• रीळ संपल्यावर दिवा बंद करा, पण पंखा थोडा वेळ चालू ठेवा. गरम दिव्याला धक्का लागला तर आतली तार तुटते.

• फिल्म अडकली तर पहिल्यांदा दिवा बंद. एकाच जागी थांबलेली चौकट मधोमध बुडबुडे येऊन तपकिरी होते.

• रिळं माळ्यावर किंवा स्वयंपाकघरालगत ठेवू नका. घरातलं सर्वांत थंड आणि कोरडं कपाट त्यांना द्या. पावसाळ्यात बुरशी फार लवकर धरते.

• स्कॅन करून घेताना चौकट-चौकट करून घेतात का, हे आधी विचारा. भिंतीवर चालवून कॅमेऱ्याने टिपलेली प्रत लुकलुकते. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रिळं टाकू नका.

• पहिल्या खेळाच्या वेळी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला पुढे बसवा आणि एकीने वही घेऊन शेजारी बसा. रीळ क्रमांक, साल, प्रसंग, डावीकडून कोण कोण. या फिल्मना आवाज नसतो. नावं त्यांच्याकडूनच घ्यावी लागतात, तीही त्यांना आठवतात तोवर. आमची वही नऊ रिळांत सत्तेचाळीस नावांची झाली. सहा चेहऱ्यांपुढे जागा कोरी आहे. त्यांचे फोटो काढून सासूबाईंच्या मावसबहिणीला सांगलीला पाठवले आहेत.